मास्ट सेलचा आजार आणि रक्तातल्या दाबणाऱ्या पेशी: कोल्हापुरातून तपासणी कशी करावी, रिपोर्ट कसा वाचावा

मास्टोसायटोसिस, म्हणजे मास्ट पेशी शरीरात नको तेवढ्या साचण्याचा आजार, इतका विरळा आहे की बहुतेकांना त्याचं नाव पहिल्यांदा भेटतं ते स्वतःच्या नाहीतर मुलाच्या रिपोर्टवर. मग मोबाइलवर वाचन सुरू होतं आणि वाचता वाचता ‘मायलॉइड डिराइव्ह्ड सप्रेसर सेल्स’ हे लांबलचक नाव समोर येतं. रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या, तिला दाबून ठेवणाऱ्या या पेशी. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘माझ्या रक्तात या वाढल्यात का, आणि कोल्हापुरात कुठं मोजून मिळतील?’

उत्तर आधीच देऊन टाकतो. ही निदानाची टेस्ट नाही, संशोधनाची आहे. किती म्हणजे नॉर्मल आणि किती म्हणजे जास्त, याची सगळ्यांनी मान्य केलेली रेघ नाही. त्यातून येणारा आकडा आजारावर जेवढा अवलंबून असतो तेवढाच रक्त कसं काढलं, किती वेळ पडून राहिलं आणि त्या आठवड्यात तुम्ही कोणती गोळी घेतली यावरही असतो. तरीही संशोधनासाठी रक्त द्यायची संधी आली तर जरूर द्यावं, पण नीट द्यावं. आणि त्याआधी जी कामं व्हायलाच हवीत ती झालेली असावीत. हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे.

पायरी पहिली: कुठली पेशी कुठली, ते पक्कं करा

मास्ट पेशी हाडाच्या मगजातल्या (बोन मॅरो) मूळ पेशींपासून तयार होतात, पण मगजात पिकत नाहीत. कच्च्या अवस्थेत त्या रक्तातून प्रवास करतात आणि त्वचा, आतडी, श्वासनलिका अशा जागी पोचून पक्व होतात. त्यामुळं सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या मोजणीत, त्या दिसत नाहीत, आणि ‘माझा सीबीसी नॉर्मल आहे, म्हणजे मास्ट सेलचा आजार नाही’ हे म्हणणं चालत नाही. पॉल एर्लिख यांनी या पेशींचं वर्णन १८७८ च्या आपल्या प्रबंधात केलं. या पेशींच्या पोटातल्या दाण्यांमध्ये हिस्टामिन, हेपारिन, ट्रिप्टेज असा ऐवज भरलेला असतो. तो एकदम बाहेर पडला की अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं, पोटात कळ येते, बीपी कोसळतं.

या पेशींच्या अंगावर ‘किट’ नावाचा रिसेप्टर असतो. स्टेम सेल फॅक्टर येऊन त्याला चिकटला की पेशीला वाढायचा आणि जगायचा निरोप मिळतो. मोठ्या माणसांच्या सिस्टेमिक, म्हणजे त्वचेपलीकडं शरीरात पसरलेल्या, मास्टोसायटोसिसमध्ये बहुतेक वेळा किट जीनमध्ये डी८१६व्ही हा बदल झालेला असतो आणि रिसेप्टर आपोआप चालू राहतो, दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं तसा.

दाबणाऱ्या पेशी वेगळ्या. मायलॉइड घराण्यातल्या, म्हणजे मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी ज्या वाटेनं तयार होतात त्याच वाटेवरच्या, पण अर्धवट पिकलेल्या आणि वळण बदललेल्या. शरीरात बराच काळ सूज राहिली, कॅन्सर असला, की त्या वाढतात. आर्जिनेज नावाच्या एन्झाइमनं त्या आजूबाजूचं आर्जिनिन संपवतात, नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडतात, आयएल-१० सारखे संदेश पाठवतात. परिणामी टी पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची, वाढ थंडावते. हे नाव २००७ मध्ये रूढ झालं. त्याआधी प्रत्येक गट आपापलं नाव वापरत होता आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. कुठल्या खुणांवरून त्या ओळखायच्या याच्या शिफारशी २०१६ मध्ये छापून आल्या. या लेखात त्यांना एमडीएससी म्हणू.

यांचे दोन मुख्य प्रकार. सीडी आणि आकडा, किंवा एचएलए-डीआर, ही पेशीच्या अंगावरच्या खुणांची नावं. मोनोसाइटसारख्या: सीडी११बी आणि सीडी१४ आहे, सीडी१५ नाही, आणि एचएलए-डीआर कमी किंवा नाहीच. न्यूट्रोफिलसारख्या: सीडी११बी आणि सीडी१५ आहे, सीडी१४ नाही, आणि त्या नेहमीच्या न्यूट्रोफिलपेक्षा हलक्या असतात. ‘हलक्या’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढं सगळा घोळ त्यावरूनच होतो. तिसरा, अगदी कच्चा प्रकारही आहे, पण तो रक्तात इतका थोडा असतो की तुमच्या कामाचा नाही.

आवर घालणाऱ्या पेशींचं आणखी एक घराणं आहे: रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजे टी-रेग. शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं ते या पेशींशी जोडलेल्या कामासाठी. टी-रेग ओळखायची एक खूण आहे सीडी२५. आणि इथं पेशंट हमखास अडखळतो, कारण बोन मॅरोच्या रिपोर्टवरही ‘सीडी२५ पॉझिटिव्ह’ असं येतं. तिथं तो शेरा मास्ट पेशींबद्दल असतो. निरोगी मास्ट पेशीवर सीडी२५ नसतो, आजारी मास्ट पेशीवर उगवतो. म्हणजे मॅरोतला सीडी२५ आजाराचा पुरावा आहे, टी-रेग वाढल्याचा नव्हे. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दोन्हीकडं सीडी२५ आलाय’ असं म्हणत आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं कोणत्या पेशीवर ते स्पष्ट लिहायला पाहिजे.

पायरी दुसरी: आधी आजार पक्का करा

एमडीएससीच्या मागं लागण्याआधी मूळ निदान कागदावर पक्कं असलं पाहिजे. वाचायला हा भाग कोरडा आहे, पण पेशंटचं बरंवाईट यावरच ठरतं.

सुरुवात त्वचेपासून. तपकिरी, तांबूस डाग असतील आणि त्यावर हलकं घासल्यावर काही मिनिटांत तो डाग फुगून लाल होत असेल तर तिला डॅरियर खूण म्हणतात. लहान मुलांमध्ये आजार बहुतेक वेळा त्वचेपुरता असतो आणि पुष्कळ मुलांमध्ये वयात येईपर्यंत कमी होतो. मुलाच्या डागांसाठी लगेच बोन मॅरो करायची घाई बहुधा लागत नाही. लिव्हर-प्लीहा वाढलेली, सीबीसीत गडबड, ट्रिप्टेज चढत चाललेलं असं काही असेल तर गोष्ट वेगळी. बायोप्सी घेताना डाग फार चोळू नये, एवढं त्वचारोगतज्ज्ञांना आठवण करून द्यायला हरकत नाही.

मोठ्या माणसात मात्र डाग नसतानाही आजार असू शकतो. आपल्या भागात याची एक ठरावीक कथा आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली की काहिलीभोवती माश्या आणि गांधीलमाश्या घोंगावतातच. एखाद्याला माशी चावते, अंगावर एकही गांधी उठत नाही, पण माणूस घाम फुटून खाली कोसळतो. सगळे म्हणतात उन्हानं झालं, उपाशी होता, घाबरला. मास्ट सेलच्या बाबतीत हेच चित्र सर्वांत बोलकं. स्पेनमधल्या डॉक्टरांनी तयार केलेली रेमा नावाची गुणपद्धत आहे. पुरुष असेल तर १ अधिक, स्त्री असेल तर १ उणे. गांधी, खाज किंवा सूज नसेल तर १ अधिक, असेल तर २ उणे. शुद्ध हरपली किंवा हरपायला आली तर ३ अधिक. रक्तातलं ट्रिप्टेज १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर १ उणे, २५ च्या वर असेल तर २ अधिक. बेरीज २ किंवा जास्त आली तर मॅरोपर्यंत जायला हवं. कागद-पेन्सिल घेऊन बसा, गणित दोन मिनिटांचं आहे.

ट्रिप्टेजचा नमुना दोनदा लागतो आणि बहुतेक ठिकाणी एकदाच घेतला जातो. झटका आल्यावर साधारण अर्ध्या तासापासून चार तासांच्या आत एक, आणि पूर्ण बरं वाटू लागल्यावर, निदान २४ तासांनी, दुसरा. दुसरा आकडा हा तुमचा पाया. झटक्यातला आकडा पायाच्या १.२ पट अधिक २ एवढा किंवा त्याहून जास्त असेल तर मास्ट पेशी खरंच फुटल्या असं धरतात. पाया १० असेल तर १४ पुरे. म्हणजे झटक्यातला १४ हा आकडा एकट्यानं पाहिला तर ‘थोडासाच वाढलाय’ वाटेल, पण पायाशेजारी ठेवल्यावर त्याचा अर्थ बदलतो. प्रयोगशाळा साधारणपणे ११.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही वरची मर्यादा छापतात. सीरम वेगळं करून थंड ठेवलं की ट्रिप्टेज बऱ्यापैकी टिकतं, त्यामुळं कोल्हापुरातून नमुना बाहेरगावी जाण्यात अडचण नाही. खरी अडचण एवढीच, की झटका रात्री येतो आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना त्या धावपळीत ट्रिप्टेज सुचत नाही. म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘झटका आला तर उपचार आधी, मग साध्या ट्यूबमध्ये ट्रिप्टेजसाठी रक्त, वेळ लिहून.’

ट्रिप्टेज कायम थोडं वाढलेलं असूनही मास्टोसायटोसिस नसेल असंही होतं. अल्फा ट्रिप्टेज जीनची जादा प्रत आईवडिलांकडून आलेली असते. हे घराण्यात चालतं. त्यामुळं वाढलेल्या ट्रिप्टेजवर लगेच शिक्का मारू नये.

किट डी८१६व्ही रक्तातूनही बघता येतो, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमधून. मात्र टेस्ट कोणती ते विचारा. आजारी पेशी रक्तात फार थोड्या असतात, काही वेळा हजारात एक किंवा त्याहूनही कमी. साधी जीन सिक्वेन्सिंग पद्धत तिथवर पोचत नाही आणि ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट येतो. डिजिटल पीसीआर किंवा त्या जागेसाठीच बनवलेली संवेदनशील पीसीआर मागावी, आणि रिपोर्टवर ‘किती टक्क्यांपर्यंत पकडता येतं’ हा आकडा छापलेला आहे का ते पाहावं. तो नसेल तर त्या निगेटिव्हला मी फारशी किंमत देत नाही.

शेवटी बोन मॅरो. मुख्य निकष: १५ किंवा अधिक मास्ट पेशींचे दाट पुंजके, एकापेक्षा जास्त जागी. दुय्यम निकष चार: २५ टक्क्यांहून जास्त मास्ट पेशी चातीसारख्या लांबट किंवा वेड्यावाकड्या, किटमधला तो बदल, मास्ट पेशींवर सीडी२, सीडी२५ किंवा सीडी३०, आणि ट्रिप्टेज कायम २० च्या वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मुख्य आणि एक दुय्यम, किंवा तीन दुय्यम जमले की निदान झालं. मगज काढण्याचं काम कोल्हापुरातल्या मोठ्या हॉस्पिटलात रक्तविकारतज्ज्ञ करतात. तुकडा आणि ओढलेला मगज दोन्ही हवेत, आणि ट्रिप्टेज व सीडी२५ चे रंग लावायला आधीच सांगितलेलं हवं. नेहमीच्या रंगात लांबट मास्ट पेशी सहज निसटतात.

निदान झालं की पाठीच्या मणक्यांसाठी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी, करून घ्या. या आजारात हाडं ठिसूळ होतात, आणि चाळिशीतल्या पुरुषाचा मणका दबला तर ‘उसाच्या मोळ्या उचलल्या म्हणून’ एवढ्यावरच प्रकरण मिटवलं जातं.

पायरी तिसरी: झटक्याची तयारी, रक्त द्यायला निघण्याआधी

हा भाग छोटा आहे, पण वगळू नका. सॅम्पल द्यायला प्रवास करायचा, सुई टोचून घ्यायची, उन्हात रांगेत थांबायचं, यातलं काहीही झटका आणू शकतं. ॲड्रेनालिन डॉक्टरांकडून लिहून घ्या, डोससकट. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. मोठ्या माणसाला साधारण ०.५ मिलिग्रॅमपर्यंत, मुलाला वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडं सहज मिळत नाही, तेव्हा ॲम्प्यूल, सिरिंज आणि घरातल्या दोघांना दिलेलं प्रशिक्षण हाच मार्ग. झटक्यात पेशंटला आडवं झोपवा, पाय वर. श्वास लागत असेल तरच टेकवून बसवा. उठून चालायला लावू नका. १०८ ला फोन. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ॲड्रेनालिनचा असर कमी होतो, म्हणून ती गोळी बदलता येईल का हे आधी विचारून ठेवावं.

दुखण्यावरच्या गोळ्या, कोडीन, मॉर्फिन, भुलीच्या वेळचं स्नायू सैल करणारं औषध, स्कॅनचा कॉन्ट्रास्ट यांतलं कोणतंही सगळ्यांनाच त्रास देतं असं नाही, पण नवीन काही पहिल्यांदा घरी एकट्यानं घेऊन पाहू नये. कढत पाण्याची अंघोळ, दारू, तालमीतली रगडून मालिश, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरचं ऊन आणि गर्दी हेही झटका आणू शकतात. तांबड्या रश्श्याबद्दल मला सारखं विचारतात. आपल्या वहीत दोन-तीनदा रस्सा आणि त्रास एकत्र दिसले तर सोडा. नाहीतर उगाच आयुष्य बेचव करू नका.

पायरी चौथी: रक्त कोणत्या दिवशी द्यायचं

आता मूळ विषयाकडं. पुण्या-मुंबईतल्या किंवा दुसऱ्या एखाद्या संशोधन गटानं एमडीएससीसाठी रक्त मागितलं आहे असं धरू. दिवस निवडणं तुमच्या हातात असतं आणि आकडा बिघडवणाऱ्या निम्म्या गोष्टी तिथंच टाळता येतात.

सर्वांत मोठा गोंधळ स्टिरॉइडचा. प्रेडनिसोलोनसारखी गोळी किंवा झटक्यात दिलेलं हायड्रोकॉर्टिसोन मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर खाली आणतं. मोनोसाइटसारख्या एमडीएससीची ओळखच मुळी ‘एचएलए-डीआर कमी’ ही. म्हणजे स्टिरॉइडनं साध्या मोनोसाइटला एमडीएससीचा वेश दिला. तुमचा आजार होता तसाच, रिपोर्टवर मात्र पेशी वाढल्या. म्हणून शेवटचं स्टिरॉइड कधी आणि किती घेतलं ते तारखेसह लिहून द्या. रक्त देण्यासाठी म्हणून स्वतःच्या मनानं स्टिरॉइड बंद करणं मात्र धोक्याचं आहे, ते अजिबात करू नका. संशोधन गट थांबू शकतो, तुमचं बीपी थांबत नाही.

दुसरी गोष्ट संसर्गाची. ताप, न्यूमोनिया, डेंगी, ऑपरेशन, अपघात यांनंतर या पेशी वाढतात. क्षयरोगातही वाढतात, आणि आपल्याकडं क्षयाची शक्यता कायम मनात ठेवावी लागते. गरोदरपणात तर त्या आपसूक वाढतात, बाळाला आईच्या प्रतिकारशक्तीपासून सांभाळण्याचा तो एक भाग आहे. लठ्ठपणातही वाढतात. यापैकी काहीही असेल तर लपवू नका. शक्य असेल तर बरं होऊन काही आठवडे गेल्यावर रक्त द्या.

अँटिहिस्टामिन चालू असलेलं चालतं, पण औषधांच्या यादीत नोंद हवी. झटक्यानंतर लगेचचा दिवस टाळा, म्हणजे सूज आणि इंजेक्शनं दोन्हींचा असर उतरलेला असेल. वेळही ठरवून घ्या. दुसऱ्यांदा द्यायचं असेल तर तोच वेळ ठेवा, सकाळी दिलं असेल तर सकाळीच.

पायरी पाचवी: सॅम्पलचा प्रवास

ट्रिप्टेज पाठवता येतं, किटसाठी ईडीटीए रक्त पाठवता येतं. एमडीएससीचं रक्त पाठवायचं नसतं, जमेल तिथं माणसानंच जायचं असतं.

कारण असं. रक्त एका ठरावीक घनतेच्या द्रवावर, १.०७७ च्या फिकॉलवर, ओतून फिरवलं की लिम्फोसाइट आणि मोनोसाइट मधल्या थरात राहतात आणि साधे न्यूट्रोफिल जड असल्यामुळं तळाशी जातात. मधल्या थरात जे न्यूट्रोफिलसारखे सापडतात ते हलके, म्हणजे एमडीएससी असण्याची शक्यता असलेले. पण रक्त तासन्‌तास पडून राहिलं की साधे न्यूट्रोफिलही उत्तेजित होतात, दाणे सोडतात, हलके होतात आणि मधल्या थरात चढतात. मोजणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही. रक्त काढल्यापासून थोड्याच तासांत, शक्यतो चार तासांच्या आत, काम सुरू व्हायला हवं ते यासाठी.

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर. गाडी मिळणं, पार्सल पोचणं, तिथं ते उघडलं जाणं, सगळं धरून चार तास केव्हाच उलटतात. कुरिअरनं रात्रभर गेलेल्या ट्यूबमधला न्यूट्रोफिलसारख्या एमडीएससीचा आकडा मी वाचणारसुद्धा नाही. मोनोसाइटसारख्या प्रकारात नुकसान तेवढं नसतं, पण तिथंही ताजं ते ताजंच. म्हणून गटाला विचारा: ‘मी पुण्यात येऊन रक्त दिलं तर चालेल का?’ बहुतेक जण आनंदानं हो म्हणतील.

आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ईडीटीए की हेपारिन, आणि सगळ्यांसाठी तेच का? दोन पेशंटांचं रक्त दोन वेगळ्या ट्यूबांत घेतलं तर तुलना डळमळते. ट्यूब खोलीच्या तापमानाला ठेवायची. बर्फात घालून नेणारा उत्साही नातेवाईक घरोघरी असतो, त्याला आवरा. पेशी गोठवून नंतर मोजणार असतील तर न्यूट्रोफिलसारख्या गटाबद्दल बोलू नये, गोठवण्यात त्या बऱ्याचशा मरतात. ताज्या रक्तात लॉक्स-१ ही खूण वापरली तर साध्या न्यूट्रोफिलपासून त्या वेगळ्या काढायला मदत होते. त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तुमच्याच वयाच्या निरोगी माणसाचं रक्त मोजणार आहेत का, हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. नसेल तर आलेला आकडा कशाशी ताडणार?

आणि सीबीसी त्याच दिवशीचं. ते का, ते पुढं.

पायरी सहावी: रिपोर्ट वाचणं

टक्का पाहिला की पहिला प्रश्न: कशाचा टक्का? मोनोसाइटचा, मधल्या थरातल्या सगळ्या पेशींचा, की एकूण पांढऱ्या पेशींचा? एकाच रक्ताचे तीन आकडे तीन तऱ्हेचे येतात.

मानून चला, एकाच्या पांढऱ्या पेशी ६,००० आहेत, मोनोसाइट ५ टक्के, म्हणजे ३००. त्यातल्या १० टक्क्यांवर एचएलए-डीआर कमी, म्हणजे मायक्रोलिटरला ३०. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी १२,०००, मोनोसाइट १० टक्के, म्हणजे १,२००; त्यातल्या ५ टक्क्यांवर कमी, म्हणजे ६०. टक्क्यात पहिला दुप्पट, मोजदादीत दुसरा दुप्पट. रिपोर्टवर फक्त टक्का असेल तर त्याच दिवशीच्या सीबीसीवरून हा गुणाकार घरी करा.

पुढचा प्रश्न: ‘कमी’ म्हणजे कुठून कमी? फ्लो सायटोमेट्रीच्या, म्हणजे पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखावर एचएलए-डीआरची रेघ कोणीतरी हातानं ओढतो. ती एका बोटानं सरकली तर आकडा बदलतो. चांगला गट ती रेघ कशावरून ठरवली ते सांगतो आणि दर वेळी तशीच ठेवतो. म्हणून आज एका लॅबचा आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या लॅबचा आकडा शेजारी ठेवून ‘वाढलं’ किंवा ‘कमी झालं’ म्हणू नये.

तिसरा, आणि याशिवाय बाकीचं अर्धवट: त्या पेशी खरोखर दाबतात का ते पाहिलं आहे का? अंगावरच्या खुणा म्हणजे ओळखपत्र. काम बघायचं तर त्या पेशी टी पेशींबरोबर ठेवून, टी पेशींना चेतवून, त्यांचं विभाजन मंदावतं का ते मोजावं लागतं. ही चाचणी दिवसांची आणि खर्चाची आहे. ती केलेली नसेल तर ‘एमडीएससीसारख्या पेशी’ एवढंच म्हणणं प्रामाणिक.

आता, मास्ट सेलच्या आजारात या पेशी वाढाव्यात तरी का? कारणं पटण्याजोगी आहेत. मास्ट पेशी आयएल-६, सीसीएल२, ल्युकोट्राइन असे पदार्थ सोडतात. आयएल-६ मायलॉइड पेशींना दाबणारं वळण देतं आणि सिस्टेमिक मास्टोसायटोसिसमध्ये ते आजाराच्या तीव्रतेबरोबर चढलेलं आढळलं आहे. सीसीएल२ मोनोसाइट घराण्याला बोलावून आणतं. उंदरांमधल्या गाठींवरच्या कामात मास्ट पेशी आणि एमडीएससी एकमेकींना बळ देताना दिसल्या आहेत. हिस्टामिनचं मात्र दोन्हीकडून ऐकावं लागतं: काही प्रयोगांत त्यानं एमडीएससीला जगवलं, तर ज्या उंदरांना हिस्टामिन बनवताच येत नाही त्यांच्यात कच्च्या मायलॉइड पेशी साचल्या, म्हणजे तिथं हिस्टामिन पेशी पिकवण्याच्या कामी येतं. त्यामुळं ‘अँटिहिस्टामिन घेतलं की एमडीएससी उतरतील’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास टाकू नका.

पण आणखी एक शक्यता आहे आणि डॉक्टरांच्या दृष्टीनं मला तीच जास्त मोलाची वाटते. पुढच्या टप्प्यातल्या आजारात किटचा बदल मास्ट पेशींपुरता राहत नाही. मोनोसाइट, न्यूट्रोफिल, इओसिनोफिल यांच्यातही सापडतो, म्हणजे खोट मूळ पेशीतच आहे. काही पेशंटांत मास्टोसायटोसिसच्या जोडीला दुसरा रक्ताचा आजार असतो, आणि त्यात क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे मोनोसाइट वाढणारा रक्ताचा कॅन्सर, बऱ्यापैकी दिसतो. तेव्हा मोनोसाइटसारख्या एमडीएससीचा आकडा मोठा आला तर एमडीएससी विसरा आणि सीबीसीतले मोनोसाइट पाहा. ते महिनोन्‌महिने वाढलेले असतील, इओसिनोफिल १,५०० च्या वर असतील, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट घसरत असतील, तर तो कागद घेऊन रक्तविकारतज्ज्ञांकडं जा. संशोधनाच्या रिपोर्टचा हा एक सरळ उपयोग आहे.

पायरी सातवी: आकड्याचं काय करायचं

औषध बदलायचं नाही. एमडीएससी कमी करण्यासाठी मास्टोसायटोसिसमध्ये दिलं जाणारं औषध नाही. आजार सौम्य असेल तर अँटिहिस्टामिन, फॅमोटिडिन, क्रोमोग्लायकेट, गरज पडल्यास ओमालिझुमॅब यांवर भर असतो. अमेरिकेत पुढच्या टप्प्यासाठी मिडोस्टॉरिनला २०१७ मध्ये आणि अव्हाप्रिटिनिबला २०२१ मध्ये मान्यता मिळाली; सौम्य पण त्रासदायक प्रकारासाठी अव्हाप्रिटिनिबला २०२३ मध्ये, कमी डोसमध्ये. इमॅटिनिब आपल्याकडं सहज मिळतं आणि तुलनेनं स्वस्त आहे म्हणून काही जण त्यावर आस लावतात, पण डी८१६व्ही असेल तर ते चालत नाही. हे सगळं किट, मॅरो आणि लक्षणांवरून ठरतं, एमडीएससीवरून नाही.

‘दाबणाऱ्या पेशी वाढल्या, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती गेली का?’ हा प्रश्न आईवडील जास्त विचारतात. सौम्य मास्टोसायटोसिसचे पेशंट सारखे आजारी पडतात असं चित्र नाही. संसर्गाचा धोका वाढतो तो प्रामुख्यानं दीर्घ स्टिरॉइड, क्लॅड्रिबिन अशा औषधांनी किंवा जोडीच्या रक्ताच्या आजारानं. लसी थांबवायच्या नाहीत. बहुतेकांना त्या चालतात. लस दवाखान्यात घ्यावी, आधी अँटिहिस्टामिन घ्यायचं का ते विचारावं आणि नंतर अर्धा तास तिथंच बसावं. प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ काढे आणि पावडरी मात्र नकोत. या आजारात पेशी आधीच चेकाळलेल्या असतात, त्यात आणखी काय घातलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

फाइल अशी लावा की कोल्हापुरातल्या सीपीआर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरला तीस सेकंदांत कळेल: सर्वांत वर आजाराचं नाव, ट्रिप्टेजचा पाया, टाळायची औषधं आणि ॲड्रेनालिनचा डोस. त्याखाली मॅरो आणि किटचा रिपोर्ट, टेस्टच्या पद्धतीसह. मग तारखेवार सीबीसी. एमडीएससीचा कागद सगळ्यात मागं, त्याच दिवशीच्या सीबीसीला टाचून, आणि कोपऱ्यात पेननं लिहिलेलं: रक्त किती वाजता काढलं, काम किती वाजता सुरू झालं, शेवटचं स्टिरॉइड कधी.